मोजायचा चहा

केणी रोज दुपारी दोन कप चहा घ्यायचे. एक प्यायचे आणि दुसरा मोजायचे.

वाचून वाटेल, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची लिहिताना गफलत झाली. झालेली नाही. साडेतीनला किटली आली की केणी दोन कप भरून घेत. एक तोंडाला लावत, दुसऱ्यात काचेचं थर्मामीटर सोडत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दर मिनिटाला एक आकडा पुटपुटत. "बहात्तर... सत्तर... अडुसष्ट..." आम्ही बाकीचे क्रिकेटवर नाहीतर राजकारणावर तापत असू, आणि आमच्या मधोमध तो कप मुकाट्याने निवत असे.

"कशाला वाया घालवता केणी?" मी म्हणायचो.

"वाया कसा? हा मोजायचा चहा. आता बघा, दहा मिनिटांत पंधराच डिग्री उतरला. काल वीस उतरला होता. म्हणजे आज हवा उष्णता घ्यायला नाही म्हणतेय. आज पोरांचे हाल आहेत."

केणींना मूलबाळ नव्हतं. लग्नच केलं नव्हतं. पोरं म्हणजे पॉवर स्विच.

हे सगळं वागळे इस्टेटच्या एका मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो कधीच बंद पडला, तिथे आता कुणाचं तरी गोदाम आहे. भारनियमनाची वर्षं होती. कल्याण-डोंबिवलीत दुपारी वीज गेली की तीन-चार तास परत यायची नाही, आणि आम्ही इन्व्हर्टर बनवायचो. मी प्रॉडक्शन मॅनेजर. केणी चाचणी विभागाचे प्रमुख. त्या विभागात ते एकटेच होते.

इन्व्हर्टरच्या पोटात टपालाच्या तिकिटाएवढे, तीन पायांचे काळे तुकडे असतात. बॅटरीतला करंट ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, म्हणून तुमच्या डोक्यावरचा पंखा फिरतो. तेच पॉवर स्विच. येता-जाता केणी चालू इन्व्हर्टरच्या पाठीला उलटं बोट लावून बघायचे, आई तापलेल्या पोराच्या गळ्याला लावते तसं. सरळ बोट कधी लावायचे नाहीत. "सरळ बोट चिकटून बसतं. उलटं आपोआप मागे येतं. देवाने बनवताना विचार केलाय," असं म्हणायचे.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी म्हणालं, हा इन्व्हर्टर दोन एसी ओढतो, की केणी विचारायचे, "किती वेळ?" कुणी म्हणालं, नवा हिशोबनीस फार कामसू आहे, की "किती वेळ?" मंत्र्याने आश्वासन दिल्याचं पेपरात आलं, तरी पेपर खाली ठेवून शांतपणे, "किती वेळ?"

ते नवे होते तेव्हा एकदा त्यांनी मला हिशोब समजावून सांगितला होता. स्विचचा कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एकशे दहा अँपियर.

"बघा सबनीस, आई-बापांनी पत्रिकेत काय लिहिलंय. एकशे दहा! आता खालचं बारीक वाचा. पाठ पंचवीस डिग्रीला ठेवली तर. मे महिना, ठाणं, पत्र्याची शेड. याच्या पाठीला बर्फ लावायला महाबळेश्वरहून माणूस येणार आहे का?"

"मग खरा आकडा किती?"

"काढू. याचा जीव आत, मधल्या कणात. तो पावणेदोनशे डिग्रीला मरतो. मी त्याला सव्वाशेच्या वर जाऊ देणार नाही. बंद खोक्यातली हवा मे महिन्यात पासष्ट. राहिले किती? साठ. आमच्या या पात्यांवर बसवला तर तो दर वॅटला बारा डिग्री तापतो. म्हणजे पाच वॅटपर्यंत सोसेल. आता गंमत अशी, की हा तापला की याचा स्वतःचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. तापलेला माणूस जास्त भांडतो तसं. ते धरून पाच वॅटला किती करंट बसतो?" पेन्सिलीने त्यांनी आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. "अठरा."

"एकशे दहाचे अठरा? मग बाकीचे ब्याण्णव गेले कुठे?"

"ते पहिल्या पानावरच राहतात," केणी म्हणाले. "तिथे बर्फ आहे ना."

हा हिशोब ते माणसांनाही लावायचे. आमच्या शेठबद्दल त्यांचं मत होतं, "क्षणभराचं रेटिंग उत्तम. सततचं शून्य." माझ्या पुतणीला, मंजूला, बघायला एक मुलगा यायचा होता. चार वडीलधारी माणसं बसलेली बरी दिसतात म्हणून मी केणींनाही डोंबिवलीला बोलावलं. मुलगा राजबिंडा, गोड बोलणारा. दहा मिनिटांत आमच्या सगळ्या बायका त्याच्या बाजूच्या झाल्या. मी केणींच्या कानात म्हणालो, "काय म्हणता?"

"पंचवीस डिग्रीला चांगलाय."

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. केणींनी घड्याळ बघितलं आणि मांडी घालून नीट बसले. पाव तासाने मुलाने शर्टाचं बटण काढलं. पंचवीस मिनिटांनी त्याने आईला विचारलं, अजून किती वेळ. पस्तिसाव्या मिनिटाला, रुमाल आणला नाही म्हणून, तो सगळ्यांदेखत आईवर असा खेकसला की मंजूच्या हातातला पोह्यांचा ट्रे हलला. केणी मला हळूच म्हणाले, "गेला."

मंजूने नकार कळवला. पुढे तिने स्वतःच जमवलं आणि मुलाला पहिल्यांदा घरी आणलं ते मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. केणींना आवर्जून बोलावलं. तो मुलगा अडीच तास घाम पुसत हसत बसला. केणी म्हणाले, "देऊन टाका पोरीला."

ही उष्णतेची जाण त्यांच्यात कुठून आली, ते मला कळव्याला गेल्यावर कळलं. त्यांचे वाडवडील खाडीकाठच्या मिठागरात काम करायचे. एका दुपारी ते मला तिथे घेऊन गेले. त्या दुपारचं अजून कधी कधी स्वप्न पडतं. जिकडेतिकडे पांढरं. मिठाच्या राशी, बांध, उथळ पाण्याचे चौकोन, आणि त्या चौकोनांत आभाळ तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेलं. उन्हाने हवा थरथरत होती, त्यामुळे दूरची माणसं जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखी दिसत होती. त्यांतलं एक माणूस तरंगत तरंगत आमच्याकडे आलं. ती केणींची आये. सत्तरीची, अनवाणी. तिने एका चौकोनात पाऊल बुडवलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "परवा मीठ धरल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सावलीन बस रं बाला. उनान उभा राशील तं तू पन मीठ होशील."

"आयेच्या तळपायात थर्मामीटर आहे," केणी म्हणाले. "माझ्या बोटात. आमच्या घराण्यात खाली खाली होतं ते, वर वर चाललंय."

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. पुढचं लिहायला मला एकोणीस वर्षं लागली.

त्या वर्षी माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ठाण्याला न्यावं लागे. परत आली की ती गळून दुपारभर पडून राहायची, आणि नेमकी तेव्हाच डोंबिवलीची वीज जायची. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसायचो.

एका रविवारी केणी रिक्षातून एक खोका घेऊन आले. खोका कसला, पेटाराच. बाहेरून ॲल्युमिनियमची पाती फण्यांसारखी उभी, रंग नाही, झाकणाला भोकंच भोकं.

सुमन पलंगावरून म्हणाली, "भाऊजी, ही पेटी कुठल्या पट्टीतली?"

"वाजणार नाही वहिनी, हीच हिची खुबी. यात दोन्ही बाजूंना सहा-सहा पोरं बसवलीत. अठराच्या वर एकालाही जाऊ देणार नाही. तुम्ही झोपा. किती वेळ झोपायचं ते तुम्ही ठरवा, विजेने नाही."

त्या उन्हाळ्यात सुमनवरचा पंखा एकदाही थांबला नाही. आळीतले सगळे पंखे बंद, सगळी घरं मुकी, आणि आमच्या खोलीत तो एकटा पंखा भिरभिरतोय, तिच्या कपाळावरची बट हलतेय. मी दारात उभा राहून बघायचो. ते घर पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं.

त्याच महिन्यात कारखान्यात दोनशे इन्व्हर्टरची मागणी आली, दुकानदारांसाठी. शेठना खोका हवा होता साबणाच्या वडीसारखा. गुळगुळीत, बंद, गल्ल्याखाली सरकणारा. सहा-सहा स्विच आणि ती पाती त्यात मावत नव्हती. मी चार-चार बसवले.

केणी माझ्या टेबलाशी आले. "सबनीस, सहांचा बोजा चौघांवर टाकलात. अठराचे सत्तावीस झाले. करंट दीडपट, पण उष्णता सव्वादोनपट. बंद खोक्यात ही पोरं दोनशेच्या वर जातील."

"डेटाशीटवर एकशे दहा लिहिलंय केणी. आपण सत्तावीस घेतोय."

"किती वेळ?"

मी चिडलो. म्हणालो, चाचणी घ्या आणि लिहून द्या.

त्यांनी दोन चाचण्या घेतल्या. पहिली शेठसमोर, सकाळी, झाकण उघडं ठेवून. त्या कागदावर त्यांनी लिहिलं, "दहा मिनिटे. पास," आणि खाली सही केली. दुसरी त्यांनी स्वतःहून घेतली, भर दुपारी, झाकण बंद करून. चाळिसाव्या मिनिटाला खोका फट्‌ करून गेला. त्या कागदावर लिहिलं, "चार तास चालवायचा होता. चाळीस मिनिटांत नापास. माल पाठवू नये," आणि खाली सही. दोन्ही कागद फायलीत लावले. फाइल माझ्याकडे असायची.

खोके रंगवून तयार होते. सोमवारी माल गेला पाहिजे, असं शेठनी बजावलं होतं. मला सुमनसाठी महिन्याभराची रजा हवी होती आणि ती शेठच देणार होते. शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी फाइल उघडली, दुसरा कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला. घरी आलो तेव्हा वीज नव्हती. सुमन झोपली होती. वर केणींचा पंखा फिरत होता.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. खरा खोका माझ्या घरात चालू होता आणि खोटे दोनशे मी बाजारात पाठवले.

आठवड्याभरात ते परत यायला लागले. कल्याणच्या एका साड्यांच्या दुकानात इन्व्हर्टर उडाला तेव्हा नवरीच्या अंगावर शालू अर्धा नेसवलेला होता, आणि पुढचा अर्धा मेणबत्तीच्या उजेडात नेसवावा लागला. दुकानदाराने ते आम्हाला फोनवर इतक्या रंगवून सांगितलं की ऐकणाऱ्यालाही हसू यावं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण जून उजाडेपर्यंत शेडच्या दारात जळक्या वासाच्या साबणवड्यांची भिंत उभी राहिली.

शेठनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. फायलीतला कागद पुढे टाकला.

"केणी, ही सही तुमची?"

"माझी."

"पास लिहिलंय तुम्ही?"

"दहा मिनिटांना पास लिहिलंय. दुसरा कागद बघा."

"कुठाय दुसरा?"

"फायलीत लावला होता."

शेठनी माझ्याकडे बघितलं. केणींनी बघितलं नाही. मी म्हणालो, "मला तरी दिसला नाही."

एवढंच. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

केणी उठले. दाराकडे जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबले आणि माझ्या मनगटाला त्यांनी उलटं बोट लावलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. आपल्या टेबलावरचं थर्मामीटर शर्टाच्या खिशात खोचून निघून गेले.

खोट्या सह्या करणारा माणूस, असं त्यांचं नाव झालं. इस्टेटमधल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्याने त्यांना घेतलं नाही. कळव्यात त्यांनी पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान काढल्याचं कानावर आलं. आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे गेलं नाही. मी तर नाहीच. मला रजा मिळाली, पुढे बढती मिळाली, निवृत्तीला हार आणि शाल मिळाली. सुमन मात्र विचारत राहिली, "केणी भाऊजी बऱ्याच दिवसांत आले नाहीत?" मी म्हणायचो, कामात असतात. ती आणखी चार वर्षं जगली. चारही उन्हाळे त्याच पंख्याखाली.

गेल्या महिन्यात मुलाने घोडबंदर रोडला घर घेतलं. मलाही तिकडेच जायचंय, म्हणून डोंबिवलीचं घर आवरायला काढलं. भंगारवाला केणींचा पेटारा उचलायला लागला तेव्हा मी सहज बटण दाबलं. बॅटरी किती वेळा बदलली असेल, पण आतली पोरं तीच. पंखा फिरायला लागला. भंगारवाल्याला मी परत पाठवलं. कपाटात, विम्याच्या कागदांखाली, ती घडी होती. दुसऱ्या दिवशी जेवून निघालो आणि कळवा गाठला.

मिठागरं राहिलेली नाहीत. तिथे तिवराची झुडपं माजलीत आणि कडेने इमारती उठल्यात. विचारत गेल्यावर कळलं, केणींच्या भावांनी घराची जमीन बिल्डरला दिली, त्यातला एक फ्लॅट केणींच्या वाट्याला आला, चौथ्या मजल्यावर. दारावर हाताने लिहिलेली पाटी होती: "बेल एकदाच दाबावी. सतत दाबू नये."

मी एकदाच दाबली.

"कोण?"

"सबनीस."

मग दार उघडलं. केणी वाळले होते, पण शर्टाच्या खिशात थर्मामीटर होतं.

"या. खिडकीत बसा. तिथे दोन डिग्री कमी आहे."

आये जाऊन बरीच वर्षं झाल्याचं भिंतीवरच्या फोटोने सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. खिडकीतून खाडी दिसत होती. चारच्या उन्हात पाणी पांढरं झालं होतं, आणि क्षणभर मला पुन्हा त्या राशी, ते बांध, जमिनीवरून वीतभर वर चालणारी माणसं दिसली. केणी आत गेले आणि दोन कप घेऊन आले. एक त्यांनी स्वतःसमोर ठेवला. दुसरा माझ्या बाजूला ठेवला आणि त्यात थर्मामीटर सोडलं.

मला राग यायचं कारण नव्हतं. मी पाहुणा नव्हतोच. खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घडीवर कागद फाटायला आला होता. त्यांनी तो उलगडून वाचला, स्वतःचं अक्षर असल्यासारखा नाही, दुसऱ्या कुणाचं पत्र असल्यासारखा.

"मी काढला होता," मी म्हणालो.

केणी कागदाकडेच बघत होते. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"हे घेऊन फिरताय ते."

"एकोणीस वर्षं."

"सतत?"

"सतत." मग खोटं बोलायला नको म्हणून म्हणालो, "दिवाळीत वगैरे थोडं विसरायचो."

त्यांनी मान हलवली, आकडा पटल्यासारखी. "मला माहीत होतं सबनीस. पंच करून लावलेला कागद फायलीतून आपण होऊन उडत नाही."

"मग केबिनमध्ये बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. म्हणून तर थांबलो. तुमच्या हाताला बोट लावून बघितलं." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "तुम्ही सव्वाशेच्या वर होतात. घरी वहिनींचं ते तसं. तुमच्या खोक्यातली हवाच पासष्ट. त्यावर एवढंसं जरी टाकलं असतं तरी फट्‌ करून गेला असतात. मी माझा हिशोब केला. घर होतं, आये होती, खाडीचा वारा होता. म्हटलं, हे आपण घेऊ. आपल्याला सोसेल."

"एकोणीस वर्षं?"

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टूंटूं ऐकू येत होतं.

"नाही. मी दोन-तीन महिने धरले होते. वाटलं, वहिनींचं जरा स्थिरावलं की तुम्ही याल. सांगाल सगळं. दुकानाच्या दाराकडे तोंड करून बसायचो मी तेव्हा." ते हसले. "सगळ्या जन्मात मी एकदाच दहा मिनिटांचा आकडा धरला सबनीस. तोसुद्धा माणसाच्या बाबतीत."

मी म्हणालो, "शेठ गेले. कारखाना गेला. आता सांगू तरी कुणाला?"

"लिहा. मात्र आकडे बरोबर लिहा. लोक सत्तावीसला दीडपट म्हणतात आणि उष्णता पण दीडपटच धरतात. सव्वादोनपट लिहा."

लिहिली आहे. नोंद अशी की ते खोके मी पास केले, नापासाचा कागद मी काढला, आणि केणींनी आयुष्यात एकही खोटी सही केलेली नाही.

केणींनी कपातलं थर्मामीटर उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात ठेवलं. मग तो कप माझ्यापुढे सरकवला.

"घ्या."

"हा मोजायचा ना?"

"समोरचा घेत नसला की मोजायचा," केणी म्हणाले.

आणि मला त्यांचा कारखान्यातला पहिला दिवस आठवला. साडेतीनला दोन कप हातात धरून, सांडू नये म्हणून जपून चालत, एक नवा माणूस माझ्या टेबलाशी आला होता. मी फायलीतून मान वर न करता म्हणालो होतो, "मी शेठच्या केबिनमध्ये घेतो." कप टेबलाच्या कडेला टेकवून तो तिथेच जरा वेळ उभा राहिला होता. खिशात काहीतरी चाचपत.

"पी रे," केणी म्हणाले. "निवतोय."

मी प्यायलो. चहा अजून गरम होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "सत्तावन्न असेल."

केणींनी कपाला बाहेरून उलटं बोट लावलं.

"पंचावन्न," ते म्हणाले. "आज वारा आहे."